हरण्यासाठी माणूस पाहिजे

मिरजेला आमच्या गल्लीत अजूनही समजूत आहे की मी सिंगापुरात लोकांना नोकऱ्या लावून देते. सुट्टीला गेले की दुसऱ्या दिवशी कोणाचा तरी भाचा प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये सर्टिफिकिटं घालून दारात हजर. मी सांगून थकले, की बाबांनो, नोकरी शोधणाऱ्यांचं काम मी करत नाही. ज्यांच्याकडे मोठी खुर्ची रिकामी आहे, त्यांना त्या खुर्चीत बसणारा माणूस मी शोधून द्यायचे. हा माणूस बहुतेक वेळा दुसरीकडे सुखात असतो, त्याला नोकरी नकोच असते. त्याला तिथून उठवायचं, हाच आमचा धंदा. इंग्रजीत आम्हाला हेडहंटर म्हणतात, म्हणजे मुंडकी गोळा करणारे. हा शब्द मी वडिलांना कधी सांगितला नाही. ते नगरपालिकेत वायरमन होते. 'पोरगी ऑफिसात बसून मोठमोठे साहेब निवडते' एवढं त्यांना पुरत होतं, आणि ते खोटंही नव्हतं.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी जिथे तिथे सांगते, इथेही सांगते. मुलगी म्हणते, "आई, एव्हरीबडी नोज ऑलरेडी, लाह." माहीत असू दे. तांजोंग पगार भागातल्या एका जुन्या शॉपहाऊसमध्ये, म्हणजे खाली दुकान असलेल्या जुन्या घरात, वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. मी पार्टनर झाले तेव्हा दारावरच्या पितळी पाटीवर माझं नाव लागलं. वडील त्या वर्षी पहिल्यांदा आणि शेवटचे इथे आले. त्यांनी ती पाटी एकेक अक्षर लावून वाचली आणि स्वच्छच होती तरी खिशातला रुमाल काढून पुसली. त्या पाटीसाठी मी काय काय केलं ते मलाच ठाऊक.

संपादकांनी 'धंद्यातल्या गमतीजमती लिहा' असं सांगितलंय. गमती आहेत. जुरोंग आयलंडवरच्या एका रिफायनरीत नांदेडकडचे एक देशमुख प्लांट सांभाळायचे. त्या बेटावर पासशिवाय पाऊल टाकता येत नाही आणि ते तिथून कंपनीच्या बसनेच बाहेर यायचे. बस जिथे सोडायची तिथल्या फूड कोर्टात मी त्यांना गाठायची. भाताच्या ताटावर वाकून ते मला प्लांटमधल्या गळत्या समजावून सांगायचे, आणि कंपनीतलं कोणी आलं की एकदम "ताई, मग काकूंची तब्येत कशी आहे?" असं सुरू करायचे. त्या काकूंना मी दोन महिने आजारी ठेवलं, तेव्हा कुठे देशमुख राजी झाले. शेवटी क्लायंटच्या साहेबांनी विचारलं, नोकरी का बदलताय? तर हे म्हणाले, "बायको म्हणते." मी टेबलाखाली हात जोडले. पण साहेब चिनी होते, त्यांना ते उत्तर फार आवडलं.

अशा पुष्कळ आहेत. पण मला कोणी विचारलं की तुझी सगळ्यात चांगली निवड कोणती, तर मी बेसबॉलच्या एका टीमचा मॅनेजर सांगेन. आणि जिची आठवण आली की जेवण जात नाही, अशी निवडही तीच.

आमच्या धंद्यात नावं सांगत नाहीत. त्यामुळे देश सांगत नाही, टीम सांगत नाही. माणसांची नावं मी ठेवलेली आहेत. ज्यांच्याबद्दल हे आहे त्यांना मिस्टर कुओ म्हणू. लिहायच्या आधी मी त्यांना फोन करून परवानगी घेतली. म्हणाले, "कोणत्या भाषेत लिहिताय?" म्हटलं, मराठीत. "मग खुशाल लिहा. आमच्या गावात मराठी वाचणारा एकही नाही. मी चौकशी करून ठेवतो."

तर सुरुवात अशी. थोरले मिस्टर लिम हे आमचे जुने क्लायंट. शीतगृहांच्या धंद्यात वर आलेला माणूस. उत्तरेकडच्या एका देशात, बंदराच्या गावात, त्यांची गोदामं होती. तिथली बेसबॉलची व्यावसायिक टीम डबघाईला आली होती, ती त्यांनी विकत घेतली. एके दिवशी मला बोलावून म्हणाले, "मिसेस माने, टीमला मॅनेजर शोधून द्या."

मी म्हटलं, "मला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही."

"तुम्हाला बँकिंग तरी कुठे कळत होतं?"

घरी येऊन सांगितलं तर विलास, म्हणजे माझा नवरा, सोफ्यावरून पडायचा बाकी राहिला. "शैला, तुला एलबीडब्ल्यू समजवता समजवता माझे केस गेले. तू कोच निवडणार?"

कोच नव्हे, मॅनेजर. वाचकांसाठी सांगते. क्रिकेटमध्ये मैदानात कॅप्टनचं चालतं. बेसबॉलमध्ये मॅनेजरचं. गोलंदाजाला तिथे पिचर म्हणतात, तो कधी बदलायचा, बॅटिंगला कोण कितवा जाणार, कोणाला घरी बसवायचं, सगळं हा ठरवतो. साठीचा असला तरी खेळाडूंसारखा युनिफॉर्म घालून, पाठीवर नंबर लावून मैदानाकडेच्या खोलगट शेडमध्ये बसतो. शेडला डगआउट म्हणतात. मॅच नऊ इनिंगची. एवढं कळलं की पुढचं कळतं.

ही टीम नव्याने बांधायची होती. त्याची एक ठरलेली रीत आहे, ती ऐकून मी गार झाले. टीममधले नावाजलेले, महागडे खेळाडू देऊन टाकायचे. त्यांच्या बदल्यात कच्ची, कोवळी पोरं घ्यायची. मग दोन-तीन वर्षं हरायचं. चुकून नाही, ठरवून. मुद्दाम चेंडू सोडायचे नसतात, जीव तोडूनच खेळायचं, पण सगळ्यांना माहीत असतं की हरणार. त्या हरण्यातून पोरं तयार झाली की चौथ्या वर्षी जिंकायला लागायचं.

"म्हणून मला जिंकणारा माणूस नको," थोरले लिम म्हणाले. "हरण्यासाठी माणूस पाहिजे. नीट हरणारा."

बावीस वर्षांत असं वर्णन मला कोणी दिलं नव्हतं.

आम्ही पुष्कळ नावं चाळली. शेवटी तिघांना सिंगापूरला बोलावलं. एक अमेरिकन होता. त्याने पडद्यावर इतक्या आकृत्या दाखवल्या की थोरले लिम डुलकी घेऊन ताजेतवाने झाले. दुसरा तिथला जुना नामांकित फलंदाज, त्याला युआन म्हणू. देखणा, तडफदार, थंड चहाच्या बाटलीवर त्याचा फोटो असायचा. त्याला मी विचारलं, सलग दहा सामने हरलात तर काय कराल? तो म्हणाला, "दहा हरणारच नाही." परत विचारलं, समजा हरलात. त्याच्या मानेवरची शीर तट्ट फुगली. त्या क्षणी मी मनातल्या मनात त्याच्या नावावर काट मारली. माणूस खोटा नव्हता. हरणं त्याला खरोखर सहन होत नव्हतं, आणि आम्हाला तर हरायचं होतं.

तिसरे कुओ. टीमच्या दुसऱ्या फळीत, जिथे पोरं शिकतात तिथे, कित्येक वर्षं कॅचर घडवत होते. स्वतः कॅचर. कॅचर म्हणजे पिचरसमोर उकिडवा बसून चेंडू झेलणारा. जन्मभर चेंडू लागून बोटं वाकडी झालेली. परदेशी पिचरांशी बोलता यावं म्हणून इंग्रजी शिकले होते, तुटक पण नेमकं. सूट उसना आणलेला दिसत होता.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगते. उमेदवार आपल्याबद्दल विचारायला तीन-चार नावं देतो, ती सगळी त्याची आरती ओवाळणारीच असतात. मी ती नावं बाजूला ठेवायची आणि विचारायची, तुम्ही ज्यांना काढून टाकलंत अशांची नावं द्या. निम्मे उमेदवार इथेच चाचपडतात. कुओंनी लगेच सहा-सात नावं सांगितली आणि कोण सध्या कुठे आहे तेही सांगितलं.

दुभाषा मध्ये घेऊन मी त्यातल्या एकाला फोन लावला. त्याचं स्कूटर दुरुस्तीचं दुकान होतं. मागे इंजिनं गुरगुरत होती. मी विचारलं, "कुओंनी तुम्हाला टीममधून काढलं ना? राग नाही आला?"

तो म्हणाला, "आला की. ते आमच्या घरी आले होते. माझ्या वडिलांसमोर जेवायला बसले आणि जेवता जेवता म्हणाले, तुमचा मुलगा यापुढे चढणार नाही. आज सांगतोय, कारण आज तो तेविसाचा आहे, दुसरं काही शिकेल. मी गोड बोलून पाच वर्षं ठेवून घेतला तर अठ्ठाविसाव्या वर्षी तुमच्या पदरात टाकीन. वडील रडले. मी ताट ढकललं. सर मात्र पूर्ण जेवून उठले. आईने केलेलं टाकलं नाही त्यांनी." मग म्हणाला, "आता माझी दोन दुकानं आहेत. त्यांची स्कूटर मी फुकट करतो. जुनाट आहे, फार त्रास देते."

फोन ठेवला आणि दुभाष्या मुलीला म्हटलं, माणूस मिळाला.

मुलाखतीत कुओंनी थोरल्या लिमना एकच प्रश्न विचारला. "मी किती वर्षं हरू शकतो?"

"तीन."

"म्हणजे चौथ्या वर्षी तुम्ही दुसरा आणाल."

थोरले लिम मोठ्याने हसले. "अहो, जिंकायला लागल्यावर तुम्हाला कोण सोडेल?"

कुओही हसले. मीही हसले.

पुढची दोन वर्षं टीम सपाटून हरली. मी आणि विलास एकदा मुद्दाम बघायला गेलो. समुद्राचा वारा, अर्ध्या खुर्च्या रिकाम्या, आणि आमची पोरं झेल सोडताहेत. एका पिचरची तर पार धुलाई झाली. बाजूचा म्हातारा प्रेक्षक शिव्या घालत होता, भाषा कळत नव्हती तरी शिव्या कळत होत्या. कुओ त्या पिचरला बदलेनात. शेवटी बदललं तेव्हा स्वतः चालत मध्यापर्यंत गेले, त्याच्या हातातून चेंडू घेतला आणि त्याच्या बरोबरीने, त्याच्याच चालीने, परत आले. पुढे नाही, मागे नाही. विलास म्हणाला, "शैला, मला यातलं काही कळत नाही. पण हा माणूस बरोबर निवडलास." लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या कामाबद्दल त्याने दिलेलं हे एकमेव सर्टिफिकेट.

तिसऱ्या वर्षी पोरं जिंकायला लागली. मला वाटलं होतं त्याच्या आधीच. मी रोज सकाळी एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, बसले की फोनवर आधी त्यांचा निकाल बघायची, मग बाकीचं जग.

आणि मग धाकट्या मिस लिमचा फोन आला. थोरल्यांची मुलगी. वडिलांची तब्येत ढासळली तसा कारभार तिने हातात घेतला होता. हुशार, वागायला सभ्य. मी तिला वाईट म्हणणार नाही. तिचं म्हणणं असं, की कुओ शिक्षक आहेत, त्यांचं शिकवून झालं. आता पोरांना अजिंक्यपद मिळवून देणारा कोणी हवा. "शाळेतल्या मास्तरांनाच कोणी कॉलेजात शिकवायला लावतं का, मिसेस माने?" तिच्या बाजूने बघितलं तर यात काही चूक नव्हती.

तिला गुप्त शोध हवा होता. हाही धंद्याचा भाग आहे. खुर्चीत माणूस बसलेला असतानाच त्याच्या जागी दुसरा शोधायचा. बसलेल्याला पत्ता लागू द्यायचा नाही. क्रूर वाटतं, पण त्याला कारण असतं. मध्येच बातमी फुटली तर सगळं घर कोसळतं, आणि टीम तर जिंकत होती. अशी कामं मी आधी बँकांसाठी केली होती. त्यात एकच शपथ असते, तोंड बंद. सिंगापूर एवढंसं. एका माणसाने म्हटलं की अमकीच्या तोंडी तीळ भिजत नाही, तर पुढच्या महिन्यात ती पाटी दारावरून उतरवायची. मी काम घेतलं. नाही म्हटलं असतं तर दुसऱ्या कोणीतरी घेतलंच असतं, अशी समजूत घालून घेतली.

सीझनच्या मधल्या सुट्टीत थोरल्या लिमचा ऐंशीवा वाढदिवस होता. कुओंना खास बोलावलं होतं. मीही होते. थोरल्यांनी व्हीलचेअरवरून कुओंचा हात धरला तो सोडेनात. सगळ्यांना सांगत होते, "हा माझा माणूस." शेजारी मुलगी टाळ्या वाजवत होती. मी ताटातल्या माशाकडे बघत बसले.

दुसऱ्या दिवशी कुओंचा फोन. "मॅडम माने, विमान संध्याकाळी आहे. कॉफी घेऊ या?"

ऑफिसजवळच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या छपराखालच्या खाऊगल्लीत, भेटलो. दुपारची गर्दी. मी कॉफी घेऊन येते तो त्यांनी टिशूची पुडी टेबलावर ठेवून जागा अडवलेली. "इथली ही पद्धत मला फार आवडली," म्हणाले. "पुडी ठेवली की जागा आपली. कोणी उठवत नाही."



मग त्यांनी मुद्दा काढला. त्यांच्या डोंगरातल्या मूळ गावी एक शेतकी कॉलेज होतं. कॉलेजने त्यांना बेसबॉल शिकवायला बोलावलं होतं. निवृत्तीपर्यंतची पक्की जागा, राहायला घर. बायकोची मूत्रपिंडं गेलेली, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. तिची बहीण त्या गावात नर्स. बायकोला तिकडेच जायचं होतं. कॉलेजला महिनाअखेर उत्तर हवं होतं.

"ती म्हणते, जाऊ या. मी म्हणतो, टीम आता कुठे उभी राहतेय." त्यांनी कॉफी ढवळली. "तुम्ही मला या खुर्चीत बसवलंत, म्हणून तुम्हालाच विचारतो. दुसऱ्या कोणाला विचारलं तर अविश्वास दाखवल्यासारखं होईल. पुढच्या वर्षी मी असेन का?"

काय बोलायचं ते मला पाठ होतं. 'तो निर्णय मालकांचा असतो, मिस्टर कुओ.' हे वाक्य मी शंभर जणांना ऐकवलं असेल, आणि ते खोटंही नसतं. खरं सांगते, त्या वेळी माझ्या डोळ्यापुढे त्यांची बायको नव्हती की पोरं नव्हती. ती पितळी पाटी होती. आणि मग कुठून कोण जाणे, ती स्कूटरची इंजिनं ऐकू यायला लागली.

"कॉलेजला हो म्हणा," मी म्हटलं.

ते ढवळायचे थांबले. पलीकडे कोणीतरी ट्रे आपटला.

"कधी?"

"सीझन संपल्यावर."

"थोरल्या साहेबांना माहीत आहे?"

"आहे."

"काल त्यांनी माझा हात धरला होता."

"हो."

त्यांनी मान हलवली. जणू मी एखाद्या पोराचा रिपोर्ट दिला होता. म्हणाले, "तुम्ही वेळेवर सांगितलंत. हे तुमचं काम नव्हतं. थँक यू."

"मग आजच कळवून टाका कॉलेजला."

"कॉलेज पुढच्या महिन्यात सुरू होतं. सीझन संपायला अजून वेळ आहे."

"मग?"

"मॅडम माने, सातवी इनिंग चालू आहे. कॅचर सातव्या इनिंगला उठून घरी जात नाही."

माझा पारा चढला. "अहो, ते तुम्हाला काढणार आहेत! मी माझी नोकरी पणाला लावून सांगतेय आणि तुम्ही मला इनिंग मोजून दाखवताय?" शेजारच्या टेबलावरचे अंकल वळून बघायला लागले.

"मला काढणार आहेत. पोरांना नाही," कुओ म्हणाले. "तीन वर्षं मी त्यांना एकच गोष्ट शिकवली. नववी संपेपर्यंत मैदान सोडायचं नाही. आता पहिल्यांदा ती जिंकताहेत आणि मी मध्येच गेलो, तर त्यांच्या लक्षात काय राहील?"

"मग मी सांगून उपयोग काय झाला?"

"झाला ना. आज बायकोला सांगता येईल. तिने पेपरात वाचण्यापेक्षा बरं." मग अगदी सहज म्हणाले, "मला माहीत आहे हे कोणाला कळता कामा नये. नाहीतर उद्याच काढतील. आणि तुमचंही नुकसान होईल."

महिनाअखेर त्यांनी कॉलेजला नकार कळवला. ती जागा त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या एकाला मिळाली.

मी शोध चालूच ठेवला. सोडला असता तर का सोडला ते सांगावं लागलं असतं. दोन-तीन नावं हाती आली होती, पण एकही मनात भरेना. अशात एके दिवशी कुओंचा फोन आला. मला वाटलं, बायकोबद्दल काही असेल.

"तुम्ही शोधताय ते मिळालं का?"

मी उठून केबिनचं दार लावलं.

"एक नाव सुचवतो. युआन."

"अहो, तो? तीन वर्षांपूर्वी तर..."

"माहीत आहे, तुम्ही त्याला नको म्हटलंत. त्याला हरणं सहन होत नाही म्हणून. आता तेच हवं आहे. माझ्या पोरांना हरायची सवय मीच लावली. ती मोडायला असाच माणूस लागेल. फक्त त्याला एक सांगा, आमचा कॅचर आहे ना, त्याला चारचौघात ओरडायचं नाही. बाजूला घेऊन ओरडलं तर तो जीव ओतून खेळतो."

स्वतःच्या जागी येणाऱ्या माणसाची शिफारस करणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. युआनचं नाव मी मिस लिमपुढे ठेवलं. तिला पटलं. युआनला मी कॅचरबद्दलही सांगितलं. पुढच्याच वर्षी त्याने त्या पोरांना अजिंक्यपद मिळवून दिलं. मिस लिमचं म्हणणं खरं ठरलं. मला ते खोटं ठरायला हवं होतं, पण ठरलं नाही.

कुओ आता गावी असतात. कॉलेजचं घर मिळालं नाही, मेहुण्याच्या बागेतल्या दोन खोल्यांत राहतात. बायको पुढच्या हिवाळ्यात गेली. बागेत फळं उतरवायच्या दिवसांत पेट्या भरतात. कॉलेजची मुलं कधी कधी येऊन विचारतात, सर, पिचर असा असेल तर काय करायचं? ते सांगतात. जुन्या शिष्याच्या अधिकारात ढवळाढवळ होऊ नये म्हणून मैदानावर मात्र जात नाहीत.

त्यांना काढलं त्या दिवशीचं तेवढं सांगायचं राहिलं. सीझन संपला होता. टीम तिसरी आली होती, गेल्या कित्येक वर्षांत एवढी वर आली नव्हती. मिस लिम म्हणाली, "मिसेस माने, तुम्ही बरोबर चला. त्यांचा तुमच्यावर विश्वास आहे, तुम्ही समोर असलात तर त्यांना जरा सोपं जाईल." म्हणून आम्ही दोघी विमानाने गेलो. स्टेडियमच्या वरच्या मजल्यावर एक खोली होती, खिडकीतून सगळं मैदान दिसायचं. खाली माणसं गवतावर ताडपत्री ओढत होती.

कुओ आले. बसले. मिस लिमने तयारी केली होती, आणि ती चांगलं बोलली. आभार मानले, क्लबच्या इतिहासात तुमचं स्थान वगैरे म्हणाली, आणि मग म्हणाली की पुढच्या वर्षी आम्ही नवीन मॅनेजर आणतोय. मी माझे हात मांडीवर घट्ट धरून बसले होते. मला भीती एकच. हा माणूस जन्मात खोटं बोललेला नाही. आता शांतपणे 'हो, मला माहीत आहे' म्हणेल, आणि माझं सगळं संपेल.

कुओ काही क्षण तिच्याकडे बघत राहिले. मग खुर्ची सरकवून माझ्याकडे वळले.

"मॅडम माने, तुम्हाला हे माहीत होतं?"

मी मिस लिमकडे बघितलं.

"तुम्ही माझ्यासमोर बसून कॉफी प्यालात. मी तुम्हाला सरळ विचारलं. आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत?" त्यांचा आवाज चढला होता. मी तो आवाज कधी ऐकला नव्हता, खेळाडूंनीही ऐकला नसेल. "एक शब्द बोलला असतात तर माझं कॉलेज गेलं नसतं. तुम्ही कशी माणसं आहात?"

मिस लिम घाईघाईने म्हणाली, "मिस्टर कुओ, प्लीज. त्यांचा नाइलाज होता. त्या बांधलेल्या होत्या."

"मिस्टर कुओ..." मी म्हटलं. मी हात पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. टेबलावरची टोपी उचलली, मिस लिमला वाकून नमस्कार केला आणि दार ओढून घेऊन निघून गेले. जिन्यात त्यांची पावलं बराच वेळ ऐकू येत होती, सावकाश, गुडघे दुखणाऱ्या माणसाची.

विमानतळाकडे जाताना टॅक्सीत माझ्या डोळ्यांचं पाणी थांबेना. मिस लिमने पर्समधून टिशू काढून माझ्या हातात दिला आणि माझ्या हातावर हात ठेवला.

"एवढं मनाला लावून घेऊ नका, मिसेस माने. त्यांना धक्का बसला, बसणारच. बिचाऱ्यांना काहीच कल्पना नव्हती." मग थोड्या वेळाने म्हणाली, "खरं सांगू? आज मला कळलं, तुमच्यावर किती भरवसा ठेवता येतो ते. यापुढे आमची सगळी कामं तुमच्याकडेच."

मी "थँक यू" म्हटलं.